कल्चर-सेन्सिटिव्हिटी तपासणी : राजारामपुरीतील एका प्रयोगशाळेच्या सेवेचे परीक्षण

कोल्हापुरात रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळांना तोटा नाही. परंतु नमुन्यातील जंतू स्वतःच्या जागेत वाढवून, त्यांच्यावर कोणते प्रतिजैविक चालते आणि कोणते चालत नाही हे तिथेच तपासणाऱ्या प्रयोगशाळा त्यामानाने कमी आहेत. बऱ्याच ठिकाणी नमुना केवळ गोळा होतो आणि पुढे दुसरीकडे रवाना होतो. राजारामपुरीतील ज्या प्रयोगशाळेच्या कल्चर-सेन्सिटिव्हिटी तपासणीविषयी येथे लिहीत आहे, तिथे सूक्ष्मजीवशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, आणि तेवढ्या एका कारणासाठीही शहराच्या दुसऱ्या टोकाहून तिथे जाणे परवडते. काही उणिवा स्पष्टपणे सांगायच्या असल्यामुळे प्रयोगशाळेचे नाव देत नाही. सेवेला माझ्याकडून पाचपैकी चार गुण. कापलेला गुण सर्वस्वी अहवालाच्या मांडणीसाठी आहे.

तपासणी आईच्या लघवीची होती. वय सत्तरीच्या पुढे, लघवीला जळजळ, वारंवार जावे लागणे. ताप नाही, कंबरेच्या वर पाठीत दुखणेही नाही. त्याआधी एका औषध दुकानातून तिला डॉक्टरांच्या चिठ्ठीविना सेफिक्झिमच्या गोळ्या मिळाल्या होत्या आणि थोडे दिवस बरे वाटून त्रास पुन्हा उलटला होता. सेफिक्झिम हे अनुसूची ‘एच-१’मधील औषध आहे. मार्च २०१४पासून या यादीतील औषध विकताना रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव वेगळ्या नोंदवहीत लिहिणे आणि ती वही तीन वर्षे जपून ठेवणे दुकानदारावर बंधनकारक आहे. त्या दुकानात वही असेलही. चिठ्ठी मात्र कोणी मागितली नाही. आईचे म्हणणे सरळ होते : “एवढं कशाला? तीच गोळी परत आण की.” आमच्या डॉक्टरांनी मात्र नमुना दिल्याखेरीज नवी गोळी सुरू करायची नाही, अशी ताकीद दिली.

प्रयोगशाळेचे पहिले श्रेय नमुना घेण्याच्या पद्धतीला द्यावे लागेल. काउंटरवरील मुलीने निर्जंतुक डबी हातात दिली आणि चारचौघांत संकोच वाटणार नाही अशा आवाजात सांगितले, “आजी, आधी स्वच्छ पाण्यानं धुवून घ्या, पहिली धार सोडून द्या, मधली डबीत घ्या. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका.” ही सूचना न दिल्यामुळे त्वचेवरचे जंतू डबीत उतरतात आणि अहवालात ‘मिश्र वाढ, नमुना पुन्हा पाठवा’ असा शेरा येतो, हे अनेकांच्या वाट्याला आलेले आहे. फॉर्मवर आधी कोणते प्रतिजैविक घेतले, शेवटची गोळी केव्हा घेतली, मूत्रपिंडाचा विकार आहे का, असे प्रश्न होते. आमच्या समोरच एका गृहस्थांनी घरून पहाटे भरून आणलेली बाटली प्रयोगशाळेने नम्रपणे परत केली, कारण लघवी खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त राहिली तर त्यातले जंतू वाढत राहतात आणि मोजणीला काही अर्थ उरत नाही. गृहस्थ रागावले, पण पैसे घेऊन निरुपयोगी अहवाल देण्यापेक्षा ग्राहकाचा राग पत्करणारी प्रयोगशाळा मला अधिक विश्वासार्ह वाटते.

अहवालाला दोन दिवस लागतात, आणि त्याबद्दल तक्रार करण्यात हशील नाही. पहिल्या रात्री जंतू वाढतात. दुसऱ्या दिवशी त्यांची ओळख पटवून, ठरावीक गढूळपणाचे द्रावण करून ते म्युलर-हिंटन अगारच्या, म्हणजे जंतू वाढवण्याच्या जेलीसारख्या थराच्या, ताटलीवर सारखे पसरवले जातात, वर प्रतिजैविकांच्या छोट्या कागदी चकत्या ठेवल्या जातात आणि ताटली पुन्हा सोळा ते अठरा तास पस्तीस अंशांच्या आसपास उबवणीत जाते. औषध चकतीतून अगारमध्ये झिरपते. जिथे ते जंतूंना रोखते तिथे चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ उरते, आणि त्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून प्रमाणित तक्त्याशी ताडला जातो. मी विनंती केल्यावर तिथल्या सूक्ष्मजीवतज्ज्ञ बाईंनी आईच्या नमुन्याची ताटली काचेपलीकडून दाखवली. सेफ्टाझिडिमच्या चकतीला जंतू जवळजवळ भिडलेले होते. त्याच औषधात क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल मिसळलेल्या शेजारच्या चकतीभोवती मात्र ठसठशीत मोकळे वर्तुळ होते. या दोन वर्तुळांच्या व्यासांत पाच मिलिमीटर किंवा त्याहून अधिक फरक पडला की जंतू ‘ईएसबीएल’, म्हणजे अनेक प्रतिजैविके तोडणारे विकर (एन्झाइम), बनवणारा आहे हे पक्के होते. बाईंनी हे दोन वाक्यांत सांगितले. अहवालात मात्र त्याची फक्त तीन शब्दांची इंग्रजी नोंद होती.

आता त्या अहवालाकडे वळतो, कारण सेवेचे खरे मोल त्याच कागदात आहे. जंतू : ई. कोलाय, प्रति मिलिलिटर एक लाखाहून अधिक. खाली औषधांची नावे आणि प्रत्येकापुढे ‘एस’, ‘आय’ किंवा ‘आर’. म्हणजे औषध चालेल, मधल्या स्थितीत आहे, किंवा जंतू दाद देणार नाही. ही यादी वरून खाली औषधगटांनुसार लावलेली असते, पण गटांची नावे लिहिलेली नसतात, आणि ती नसल्यामुळे वाचणाऱ्याला सुटीसुटी अक्षरे तेवढी दिसतात.

पहिल्या ओळी बीटा-लॅक्टम गटाच्या : ॲम्पिसिलिन, सेफ्युरॉक्झिम, सेफ्ट्रियाक्सोन, सगळीकडे ‘आर’. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८मध्ये सापडलेले पेनिसिलिन याच घराण्यातले. जिवाणूच्या पेशीभोवती पेप्टिडोग्लायकनची कणखर भित्तिका असते. तिचे धागे एकमेकांना जोडणाऱ्या विकरांना ही औषधे चिकटून बसतात, जोडणी अपुरी राहते आणि आतला दाब न सोसल्याने वाढणारी पेशी फुटते. आपल्या पेशींना अशी भित्तिकाच नाही, म्हणून ॲलर्जी सोडली तर हा गट माणसाला बराच सुरक्षित आहे. जिवाणूंचा यावरचा सर्वांत प्रचलित बचाव म्हणजे बीटा-लॅक्टमेज हे विकर, जे औषधाच्या रेणूतील चौकोनी कडे तोडते. एब्राहम आणि चेन यांनी असे विकर १९४० सालीच, म्हणजे पेनिसिलिन सर्वसामान्य रुग्णांपर्यंत पोहोचण्याच्याही आधी, वर्णिले होते. प्रतिकार हा केवळ औषधांच्या गैरवापरातून जन्मतो असे मानणाऱ्यांनी हे साल ध्यानात ठेवावे : प्रतिकाराची जनुके मातीतल्या जिवाणूंकडे आधीपासूनच होती, माणसाने त्यांना दवाखान्यात बढती दिली. ईएसबीएलमधील आज सर्वाधिक पसरलेल्या सीटीएक्स-एम कुळाची जनुके क्लुयव्हेरा नावाच्या एरवी निरुपद्रवी जिवाणूंमधून आली आहेत. साधे बीटा-लॅक्टमेज पेनिसिलिन तोडते. ईएसबीएल त्यापुढे जाऊन तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिनेही तोडते, आणि सेफिक्झिम याच पिढीचे. ती गोळी परत आणली असती तर काय झाले असते, हे ‘सेफ्ट्रियाक्सोन – आर’ या ओळीतच लिहिलेले होते.

त्याखालच्या ओळींत अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्लापुढे ‘आय’ आणि पायपरासिलिन-टॅझोबॅक्टमपुढे ‘एस’ होता. क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल आणि टॅझोबॅक्टम स्वतः जंतूंचे फारसे काही बिघडवत नाहीत. ते बीटा-लॅक्टमेजला गुंतवून ठेवतात, म्हणजे जोडीच्या औषधाला काम करता येते. ताटलीवर दिसलेला फरक हाच. गटातील शेवटचे मेरोपेनेम, ‘एस’. कार्बापेनेम वर्गातील या औषधाला बहुतेक ईएसबीएल तोडू शकत नाहीत, म्हणून ते गंभीर आजारांसाठी राखून ठेवायचे असते. त्यालाही तोडणारे एनडीएम-१ हे विकर भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या जंतूंत आढळले आणि २००९ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. नावात नवी दिल्ली घातल्यावरून आपल्याकडे बराच गहजब झाला. विकराला त्याचे सोयरसुतक नव्हते. त्याच्या केंद्रात जस्त असते आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल त्याच्यापुढे निष्प्रभ ठरते, ही गोष्ट नावापेक्षा कितीतरी महत्त्वाची आहे.

जेंटामायसिन ‘आर’, अमिकासिन ‘एस’ : या दोन ओळी एकत्र वाचण्यासारख्या आहेत. दोन्ही औषधे अमिनोग्लायकोसाइड गटातली, स्ट्रेप्टोमायसिनच्या नात्यातली. जिवाणूच्या रायबोसोमच्या, म्हणजे प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेच्या, लहान भागाला ती चिकटतात, प्रथिने चुकीची बनू लागतात आणि पेशी मरते. जिवाणू यांना तोडत बसत नाही. औषधाच्या रेणूला एखादा ॲसिटिल किंवा फॉस्फेट गट चिकटवून देतो, की त्याची पकड सुटते. अमिकासिनच्या रेणूला जोडलेली जादा साखळी अशा अनेक विकरांना आड येते, म्हणून जेंटामायसिन हरते तिथे ते पुष्कळदा टिकते. परंतु ही औषधे आतड्यातून शोषली जात नाहीत, इंजेक्शननेच द्यावी लागतात, आणि मूत्रपिंड व कान दोन्हींना इजा करू शकतात. सत्तरीच्या पुढच्या रुग्णाच्या बाबतीत केवळ ‘एस’ पाहून अमिकासिनकडे धाव घेणारा डॉक्टर मला नको आहे.

सिप्रोफ्लॉक्सासिन आणि लिव्होफ्लॉक्सासिन या दोन्ही फ्लुरोक्विनोलोनपुढे ‘आर’ होता. जिवाणूच्या डीएनएला पीळ देणाऱ्या-सोडवणाऱ्या गायरेज आणि टोपोआयसोमरेज-४ या विकरांना ही औषधे अडकवतात. त्या विकरांच्या जनुकांत एकामागून एक बदल साचत गेले की प्रतिकार पायरीपायरीने चढतो, शिवाय काही जिवाणू औषध पेशीबाहेर उपसून टाकणारे पंपही वाढवतात. लक्ष्य एकच असल्याने सिप्रो हरले की लिव्होकडून फारशी आशा धरता येत नाही. गोळी बदलून दिली म्हणजे औषध बदलले असे समजणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहिले.

को-ट्रायमोक्साझोल, ‘आर’. यातले दोन घटक (एक सल्फा, दुसरा ट्रायमेथोप्रिम) फोलेट हे वाढीला लागणारे जीवनसत्त्व बनवण्याच्या साखळीतील दोन वेगवेगळ्या पायऱ्या रोखतात. आपण फोलेट अन्नातून घेतो आणि दुसऱ्या पायरीचे आपले विकर या औषधाला फारसे जुमानत नाही, म्हणून सुटतो. या औषधाला जुमानत नसलेली पर्यायी विकरे मिळवून जिवाणू दोन्ही पायऱ्या सुरू ठेवतो. येथे मला प्रश्न पडला : आईने हे औषध कित्येक वर्षांत घेतलेले नाही, मग प्रतिकार आला कुठून? बाईंचे उत्तर प्लाझ्मिडचे होते. गुणसूत्राबाहेरची ही डीएनएची छोटी वर्तुळे जिवाणू एकमेकांना स्पर्शातून देतात, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही. तालमीत एका पठ्ठ्याला येणारे डाव शेजारच्या पठ्ठ्याने उचलावेत आणि एका डावाबरोबर चार डाव फुकट मिळावेत, तसा हा प्रकार आहे. ईएसबीएलचे जनुक ज्या प्लाझ्मिडवर असते त्याच्यावरच पुष्कळदा जेंटामायसिन आणि सल्फाच्या विरोधातली जनुकेही बसलेली असतात. एका औषधाने निवड झाली की सगळा संच पुढे सरकतो. औषध प्रतिकार निर्माण करत नाही. ते इतरांना मारून प्रतिकारवाल्यांना जागा करून देते, आणि ही निवड केवळ मूत्राशयात न होता आतड्यातल्या कोट्यवधी जिवाणूंतही होते. आपल्या दुधाच्या जिल्ह्यात गायी-म्हशींच्या कासदाहासाठीही प्रतिजैविके वापरली जातात आणि त्यानंतर ठरावीक मुदतीचे दूध डेअरीत घालायचे नसते. ती मुदत पाळणारे गोठे हे एका अर्थी आपल्या सर्वांच्या आतड्यांचे राखणदार आहेत.

शेवटच्या दोन ओळींनी दिलासा दिला : नायट्रोफ्युरॅन्टॉइन ‘एस’, फॉस्फोमायसिन ‘एस’. फॉस्फोमायसिन भित्तिका बनवण्याची अगदी पहिली पायरी रोखते, बीटा-लॅक्टमच्या खूप आधीची, त्यामुळे ईएसबीएलचा त्याच्याशी संबंध येत नाही. तीन ग्रॅमची पूड पाण्यात घालून बहुधा एकदाच घ्यायची असते. नायट्रोफ्युरॅन्टॉइन जिवाणूच्याच विकरांकडून सक्रिय होते आणि प्रथिने, डीएनए अशा अनेक ठिकाणी एकाच वेळी घाव घालते, म्हणून इतकी दशके वापरात असूनही त्याला प्रतिकार मंदगतीने वाढला. त्याची पातळी लघवीत उत्तम आणि रक्तात नगण्य असते. म्हणजे मूत्राशयाच्या संसर्गाला योग्य, मूत्रपिंडापर्यंत चढलेल्या संसर्गाला अयोग्य, आणि मूत्रपिंड बरेच मंदावले असेल तर निरुपयोगी. डॉक्टरांनी आईचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्तातील पातळी) पाहून नायट्रोफ्युरॅन्टॉइनच दिले. दुसऱ्या दिवशी लघवी गडद पिवळी-तपकिरी झाल्यावर आई घाबरली, पण तो त्या औषधाचा ठरलेला परिणाम आहे आणि त्यात काळजीचे कारण नसते. जळजळ थांबली.

यादीत जी औषधे नव्हती, त्यांचीही प्रयोगशाळेला शाबासकी द्यायला हवी. सर्दी-खोकल्याला सर्रास मागितले जाणारे अझिथ्रोमायसिन तिथे नव्हते, कारण लघवीच्या ई. कोलायवर त्याचा भरवसा धरता येत नाही. व्हॅन्कोमायसिन नव्हते, कारण ई. कोलायच्या भित्तिकेबाहेर आणखी एक पटल असते आणि व्हॅन्कोमायसिनचा अवजड रेणू ते ओलांडू शकत नाही. हा प्रतिकार मिळवलेला नसून उपजत आहे. अशी औषधे यादीत घालून कागद भरवणारे अहवाल मी इतरत्र पाहिले आहेत.

मग गुण कापला कशासाठी? दुसऱ्या पानावर टायगेसायक्लिन आणि कोलिस्टिन ही नावे होती, दोन्हींपुढे ‘एस’. टायगेसायक्लिन लघवीत पुरेशा प्रमाणात उतरत नाही; मूत्रसंसर्गाच्या अहवालात त्याला ‘एस’ देणे म्हणजे वाचणाऱ्याची दिशाभूल आहे. कोलिस्टिनचे प्रकरण अधिक गंभीर आहे. जिवाणूच्या बाह्य पटलातील मेदाला चिकटून ते पटलच विस्कटणारे हे जुने, मूत्रपिंडाला जाचक औषध आज अखेरचा उपाय म्हणून उरले आहे. त्याच्याविरुद्धचे, प्लाझ्मिडवरून पसरणारे एमसीआर-१ जनुक २०१५ साली चीनमधून नोंदवले गेले आणि भारत सरकारने २०१९मध्ये पशुखाद्यातील व जनावरांवरील कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली. चकती पद्धतीने त्याची चाचणी भरवशाची होत नाही, कारण त्याचा मोठा रेणू अगारमध्ये नीट पसरत नाही. आणि सीएलएसआय या चाचण्यांची मानके ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या ज्या तक्त्याचा हवाला अहवालाच्या तळाशी होता, त्या तक्त्याने ई. कोलायच्या कुळासाठी २०२०पासून कोलिस्टिनचा ‘एस’ हा वर्गच काढून टाकला आहे. साध्या औषधांना जंतू दाद देत असताना राखीव औषधांची नावे अहवालात छापूच नयेत, हा सूक्ष्मजीवशास्त्रातला चांगला पायंडा आहे आणि एवढ्या जाणत्या प्रयोगशाळेने तो पाळायला हवा होता. बाईंना हे बोलून दाखवल्यावर त्यांनी वाद घातला नाही. संगणकातील साचा जुना आहे, एवढे मान्य केले.

दुसरी तक्रार आकड्यांची. प्रत्येक औषधापुढे वर्तुळाचा व्यास छापलेला होता, त्याचा अर्थ मात्र कुठेही दिलेला नव्हता. साहजिकच लोक सर्वांत मोठा आकडा शोधून तेच औषध सर्वांत जालीम ठरवतात. प्रत्येक औषधाची उंबरठा-मर्यादा वेगळी, अगारमध्ये पसरण्याचा वेग वेगळा, त्यामुळे दोन औषधांच्या व्यासांची तुलना निरर्थक आहे. एमआयसीचे, म्हणजे जंतूंची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या किमान प्रमाणाचे, आकडे देणाऱ्या यंत्रांच्या अहवालांतही नेमका हाच घोटाळा होतो, फक्त तिथे लोक सर्वांत लहान आकडा शोधतात. ‘आय’विषयीही एक ओळ हवी होती : वाढीव मात्रेत, किंवा औषध जिथे साठते अशा ठिकाणी, ते उपयोगी पडू शकते. अर्धे पान मराठीत छापले असते तरी काम भागले असते.

दर साध्या लघवी तपासणीच्या कित्येक पट आहे आणि वाढ न झाल्यास सेन्सिटिव्हिटीचे पैसे परत मिळतात, हे आधी विचारून घ्यावे, कारण फलकावर लिहिलेले नाही. अहवाल मोबाइलवर येतो, तरी छापील प्रत मागून घ्यावी आणि जुन्या अहवालांबरोबर ठेवावी; पुढच्या वेळी डॉक्टर तीच आधी मागतात. रविवारी सूक्ष्मजीव विभाग बंद असतो. शनिवारी दिलेल्या नमुन्याची ताटली सोमवारपर्यंत कोणी पाहत नाही, म्हणून तातडी नसेल तर सोमवार ते गुरुवार, सकाळी, तिथेच जाऊन नमुना द्यावा. राजारामपुरीत त्या वेळी चारचाकी लावायला जागा मिळते.